भिवराईनं कारण सांगितलं

फार वर्षांपूर्वी, म्हणजे बैलगाडीला रबरी टायर लागण्याच्या कितीतरी आधी, माकडघाटाच्या पायथ्याला आमच्या मोहरखेडात भिवराई लोहारीण होऊन गेली. बाई हाडानं बारीक, पण तिनं घण उचलला की ओढ्यापलीकडची कुत्री गप बसायची, असं म्हणतात. तुम्ही म्हणाल, कुत्र्यांचं काय एवढं. तेव्हाची कुत्री बघितली नाहीत तुम्ही.

लाकडी चाकावर लोखंडाची पट्टी चढवतात, तिला धाव म्हणतात. चाक करायचं सुतारानं, धाव तापवून चढवायची लोहारानं. ओढ्याच्या अलीकडे भिवराईची भट्टी, पलीकडे सखोबा सुताराचं अंगण. दोघांच्या चाकांवर सगळा घाट चालायचा, पण कुणी कुणाला आपलं कसब सांगायचं नाही. भिवराईच्या सासऱ्यानं तर मरताना तिला भट्टीची शपथ घातली होती, "सूनबाई, धाव किती तोकडी कापायची हे घराबाहेर गेलं, की विस्तव विझला म्हणून समज."

आणि एका वर्षी कुठली साडेसाती लागली कोण जाणे, चाकं मोडायला लागली. तीही नवीकोरी. घाट अर्धा चढला की चाकाचे आरे काडकन तुटायचे. तीन गाड्या कलंडल्या. गाडीवानांचा म्होरक्या रंभाजी भिवराईच्या दारात येऊन म्हणाला, "वहिनी, यंदा जत्रेला देवीचा गाडा तुमच्याच चाकांवर वर नेतो. मोडला, तर पुढची चाकं शहरातून आणणार."

भिवराईचा नवरा मागंच गेलेला, पदरात दोन पोरी आणि ही एक भट्टी. ती थंड पडली तर गाव सोडावं लागणार, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

पदर खोचून ती तडक ओढा ओलांडून भांडायला गेली. सखोबा चाक जोडत बसला होता. बघते तर चाकाच्या घेराचे तुकडे एकमेकांना असे चिकटलेले, की सांध्यात नखसुद्धा जाईना.

"सखोबादादा, फट का नाही ठेवली?"

"ठेवत होतो की. पण मागच्या उन्हाळ्यात धावा ढिल्या पडायला लागल्या. म्हटलं, वहिनींना कशाला दुखवा, आपणच फट बुजवू म्हणजे घट्ट बसेल."

भिवराईनं खोचलेला पदर सोडला. "अहो, ढिल्या पडतात म्हणून मीही धाव बोटभर जास्त तोकडी कापायला लागले. तुम्हाला कशाला दुखवा, म्हणून बोलले नाही."

म्हणजे बघा, दुखणं एक आणि दोन वैद्यांनी एकमेकांच्या चोरून दोनदा औषध पाजलेलं. चाक बिचारं मरेल नाहीतर काय. सखोबाला हसू फुटलं, मग तिलाही. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण आता पुढचं बोलायचं तर शपथ मोडावी लागणार होती.

भीती तिला वाटलीच. पण ती म्हणाली, "विस्तव विझला तर विझू दे. गप्प राहिलं तरी तो विझणारच आहे." आणि तिनं सांगितलं. धाव तोकडी का, वाळल्या लाकडाला किती आणि ओल्याला किती, तापलेली धाव गार होताना आवळते तेव्हा लाकडाला दबायला जागा का लागते, नाहीतर सगळा दाब येऊन आरे कसे तुटतात, सगळं. सखोबानंही आपल्या बाजूचं काही राखून ठेवलं नाही. ऊन कललं तरी दोघांचं बोलणं संपेना. आणि त्याच वेळी ओढ्याअलीकडे, भाता कुणी न ओढता, भिवराईची भट्टी भडकली. ज्वाळ दारातल्या चिंचेच्या शेंड्यापर्यंत गेली आणि चिंचेचं एक पानही करपलं नाही, असं म्हणतात. सासरा रागावला असता तर असं झालं असतं का, तुम्हीच सांगा.

जत्रेला देवीचा गाडा निघाला, दोघांनी एका अंगणात बसून केलेल्या चाकांवर. भिवराई मागून चालत होती आणि काडकन आवाज येतो की काय म्हणून तिचा जीव कानात आला होता. अवघड वळणावर बैल थांबले, पण चाकं थांबली नाहीत. ती बैलांनाच ढकलत वर घेऊन गेली, असं म्हणतात. रंभाजीनं कासरा सोडून हात जोडले. वर पोचल्यावर भिवराई महिन्यात पहिल्यांदा पोटभर जेवली, वर दोन पुरणपोळ्या मागून घेतल्या.

मग बारा गावांचे लोहार-सुतार तिच्या दारात यायला लागले. तिनं एकालाही रिकाम्या हाती पाठवलं नाही. बाई आपल्या हातानं घर लुटवतेय, असं लोक म्हणायचे. पण माकडघाटाखालचं चाक मोडत नाही असं नाव झालं आणि सगळ्यांच्याच भट्ट्यांना उसंत मिळेना, तिच्या भट्टीला तर नाहीच. ती म्हातारी होऊन गेली त्या दिवशी खोऱ्यातल्या उभ्या गाड्यांची चाकं जागच्या जागी एकेक फेरा फिरली, असं म्हणतात.

आता मोहरखेडात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनतात. एकाचं वेल्डिंग, दुसऱ्याचं लेथ, तिसऱ्याचं रंगकाम. जत्रेच्या आदल्या दिवशी सगळी शटरं उघडी असतात, कुणीही आत जाऊन काहीही विचारावं, मालक हातातलं काम ठेवून उत्तर देतो. आणि एरवीसुद्धा एका दुकानातून दुसऱ्या दुकानात मापाची चिठ्ठी गेली, की घेणारा ती नुसती खिशात घालत नाही. तो म्हणतो, "माप कळलं. आता भिवराई सांग." मग असंच का आणि तसं का नाही, हे सांगून झाल्याशिवाय आमच्याकडे मशीन सुरू होत नाही.