बुडालेली वाटी

घरोघरी घड्याळं नव्हती त्या काळी एका वृद्ध जोश्यांकडे एक शिष्य राहत असे. शिष्य म्हटल्यावर कोवळा मुलगा डोळ्यांसमोर आणू नका. हा बेचाळीस वर्षांचा, कानशिलांवरचे केस पिकलेला गृहस्थ होता. पंचांग त्याला तोंडपाठ, गणितात त्याचा हात धरणारा कोणी नाही. तरी गावात त्याची ओळख एकाच शब्दाची होती: बेपर्वा.

लग्नाच्या दिवशी वेळ मोजायची ती घटिकापात्राने. तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी सूर्योदयाला पाण्याच्या घंगाळात सोडायची. पाणी चढत जाऊन ती बुडाली की एक घटका भरली. लगेच ती उचलून, रिकामी करून पुन्हा सोडायची आणि भिंतीवर कुंकवाचं एक बोट ओढायचं. काम कोणालाही जमेल असं. अट एवढीच की लक्ष हलता कामा नये, कारण बुडताना वाटी आवाज करत नाही.

त्या वैशाखात गावातल्या एका मुलीचं लग्न होतं आणि वाटीपाशी हा शिष्य बसला होता. आभाळात मळभ, सूर्याचा पत्ता नाही. इतक्यात सनईची पत्ती चिरली म्हणून सनईवाला हवालदिल झाला. शिष्याने ती हातात घेतली, तासली, बसवली, फुंकून पाहिली. सनई अशी गोड वाजू लागली की माणसं वळून पाहू लागली. मग त्याने घंगाळाकडे पाहिलं. वाटी तळाशी होती. केव्हापासून, हे त्याला सांगता येईना. भीतीने त्याने एकच बोट ओढलं आणि गप्प बसला.

अंतरपाट धरला गेला, मंगलाष्टकं सुरू झाली, आणि ढग सरून ऊन पडलं. मांडवाच्या खांबाची सावली पाहताच वराचे वडील ताडकन उठले. मुहूर्त केव्हाच टळला होता. त्यांनी कोणाचं म्हणून ऐकलं नाही. वऱ्हाड परत गेलं आणि हातात हार धरलेली मुलगी पाटावर तशीच उभी राहिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मुलीचे वडील गुरूंच्या ओसरीवर आले. "गुरुजी, पोरीनं दोन दिवस अन्नाला हात लावलेला नाही. या माणसाला गावाबाहेर घालवा. तुम्ही नाही घालवलात तर आम्ही घालवू."

शिष्याने आपलं बोचकं आधीच बांधून ठेवलं होतं. जावं कुठे हे मात्र त्याला ठाऊक नव्हतं.

गुरूंनी घंगाळ भरायला लावलं आणि तीच वाटी त्याच शिष्याच्या हातात दिली. "बस. मोज." मग मुलीच्या वडिलांना म्हणाले, "तुम्ही वाटीकडे पाहू नका. याच्याकडे पाहा."

"थट्टा चालवलीय माझी?" वडील संतापले, पण बसले.

शिष्याने मनाशी ठरवलं, आज मेलो तरी नजर हलवायची नाही. त्याने नखं तळहातात रुतवली. वाटीची कड त्याला दिसली, कडेवरचा काळा डाग दिसला. डाग चिंचेने निघाला असता. चिंच नदीपलीकडे, तिच्यावर बगळे बसायचे...

"वाटी कुठे आहे?" गुरूंनी विचारलं.

तो दचकला. वाटी त्याच्या उघड्या डोळ्यांसमोर बुडाली होती. मुलीच्या वडिलांनी पाहिलं होतं, त्याची नजर एकदाही ढळली नव्हती. तळहातावर रक्ताचे चार ठिपके होते. वडिलांची शिवी ओठांतच राहिली.

"असं कधीपासून होतं रे?" गुरूंनी विचारलं. हा प्रश्न त्याला आजवर कोणीच विचारला नव्हता.

"आठवतं तेव्हापासून, गुरुजी. गुरं राखायला गेलो की गाय हरवायची. बोलणाऱ्याचं वाक्य मी मधेच तोडतो. दहा कामं मांडतो, एक पुरं होत नाही." त्याने रक्ताळलेली मूठ मिटली. "आई आजारी होती. मी विशीतला. वैद्यांना आणायला निघालो. वाटेत कुंभाराचं चाक फिरत होतं, तिथे उभा राहिलो. किती वेळ, ते आजही मला माहीत नाही. वैद्य आले तेव्हा आई गेली होती. त्यांना उशीर झाला असंच मी घरी सांगितलं."

गुरूंनी पंचाने त्याच्या तळहातावरचं रक्त टिपलं. मग म्हणाले, "झोप मोडली, दुःख झालं, ताप आला तरी मन असंच पळतं. पण ते येतं आणि जातं. जे बाळपणापासून सोबत आहे, घरी आहे तसंच दारी आहे, आणि मनापासून झटूनही ज्याच्यापुढे हात टेकावे लागतात, त्याला बेपर्वाई म्हणू नये. ती मनाची घडण असते. माझा धाकटा भाऊ सदू असाच होता. मी त्याला रोज आळशी म्हणत असे. एके सकाळी तो घरातून गेला, चौथ्या दिवशी नदीकाठी त्याचा देह सापडला. तरी मला समजलं नाही. तुलाही वीस वर्षं पाहिलं आणि विचारलं नाही."

"आणि माझ्या मुलीचं काय?" वडिलांचा आवाज फाटला.

"तिचं नुकसान माझ्याने भरून येणार नाही. बुडालेली वाटी लपवली, हा दोष याचा. याला तिथे एकट्याला बसवलं, हा माझा."

वडील उठले. फाटकाशी थांबून म्हणाले, "राहू द्या त्याला. पण माझ्या दारावरून जाऊ नको म्हणावं."

शिष्य रडत होता. गावात राहायला मिळालं याचा आनंद त्यात फारसा नव्हता. बेचाळीस वर्षं तो स्वतःला वाईट माणूस समजत आला होता, आणि ती वर्षं आता कोणी परत देणार नव्हतं. गुरूंनी सुताचा दोरा घेतला, एक टोक वाटीला आणि दुसरं त्याच्या बोटाला बांधलं. "हा दोरा काही औषध नव्हे. पण सदूच्या बोटाला एवढाही कोणी बांधला नाही."

वाटी बुडाली तेव्हा बोटाला हिसका बसला. "घटका भरली," शिष्य म्हणाला.

आजचे डॉक्टर अशा घडणीला एडीएचडी, म्हणजे लक्ष आणि उतावीळपणा आवरणं अवघड जाण्याची अवस्था, म्हणतात, आणि ती आहे की नाही हे तपासून तेच ठरवू शकतात. पण ज्या मोठ्या माणसाला आपण जन्मभर आळशी म्हणत आलो, त्याला 'असं कधीपासून होतं?' एवढं विचारायला डॉक्टर लागत नाही.