दहा बिया प्रत्येक घराला

पुष्कळ पिढ्यांमागे, डोंगराळ मुलखातली गावं एकमेकांना दोरांच्या पुलांनी जोडलेली असत. त्या काळची ही गोष्ट.

एका खोऱ्यात तीस घरांचं गाव होतं. समोरून खोल नदी वाहायची आणि पलीकडे जायला एकच झुलता पूल होता. त्याचे दोर भांगेच्या सालीचे असत. त्या खोऱ्यात भांग लावायची ती याचसाठी. सालीचा दोर वळायचा आणि बियांची चटणी करायची.

एका वर्षी गारांनी उभं पीक झोपवलं आणि कोठीतलं बियाणं ओल लागून कुजलं. पुलाचे दोर तर जुने झाले होते.

"अजून दोन वर्षं तगतील. त्याहून जास्त नाही," दोर वळणारी हौसा म्हणाली. दोराच्या बाबतीत तिच्या शब्दावर कोणी शंका घेत नसे.

मग पाटील स्वतः पलीकडच्या गावी गेले. तिथल्या म्हाताऱ्या वैदीणबाईने आपल्या मडक्यातून मोजून तीनशे बिया काढून दिल्या. "आमच्याकडेही बेताच्याच आहेत," ती म्हणाली. "जपून लावा. पुन्हा द्यायला माझ्यापाशी नाहीत."

पाटलांनी प्रत्येक घराला दहा बिया वाटल्या. "शेतात टाकल्या तर पाखरं वेचून खातील," ते म्हणाले. "घरात रुजवा. रोपं वीतभर झाली की गावच्या वावरात एकत्र लावू. औंदा बी धरायचं आणि पुढच्या वर्षी मोठं पीक घेऊन दोर वळायचे."

अडचण एवढीच होती, की भांग घरात रुजवायची सवय कोणालाच नव्हती. आजवर मूठमूठ बी वावरात फेकलं होतं. दहातलं एकेक जपायची वेळ कधी आली नव्हती.

हौसाने पाच बिया वाटीभर पाण्यात टाकल्या आणि तीन दिवस तशाच ठेवल्या. चौथ्या दिवशी वाटीला वास आला. बिया बोटांनी दाबताच फुटल्या. हौसाला फार वाईट वाटलं. दोराचा पीळ जिच्या हातून कधी सुटला नाही, तिच्या हातून गावाचं बी गेलं होतं. मग तिने त्या कुजक्या बिया पानावर घेतल्या आणि थेट चावडी गाठली.

"बघून घ्या," ती म्हणाली. "फार दिवस पाण्यात ठेवलं की असं होतं. एक रात्र पुरे."

तिथे कोंडाजी बसला होता. गावात त्याच्याइतका चांगला शेतकरी नव्हता. तो हसून म्हणाला, "हौसा, पाच बिया घालवल्यास, आणि वर गावभर सांगत फिरतेस?"

"सांगणारच, दादा. माझ्या पाच गेल्या. ऐकून कोणाच्या वाचल्या, तर चांगलंच आहे."

ते ऐकून चिमणा नावाची एक तरुण सून धावत घरी गेली. तिच्या बिया दोन दिवस पाण्यात होत्या. तिने त्या काढल्या, ओल्या फडक्यात गुंडाळल्या आणि चुलीपासून हातभर अंतरावर उबेला ठेवल्या. दोन दिवसांनी आठ बियांना पांढरे मोड आले. ती फडकं तसंच हातात घेऊन हौसाकडे आली. दोघींनी मोड खाली करून, बोटाच्या अर्ध्या पेराइतक्या खोल मातीत त्या बिया लावल्या.

त्या दिवसापासून हौसाच्या ओसरीवर बायाबाप्यांची रीघ लागली. कोणी फार खोल पेरलं होतं, ते वर आलंच नव्हतं. कोणी मडकं अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलं होतं, तिथली रोपं दोऱ्यासारखी लांबून आडवी झाली होती. जो तो आपली चूक सांगायचा आणि बाकीचे घरी जाऊन आपलं मडकं तपासायचे. हौसाच्या उरलेल्या पाचही बिया रुजल्या.

कोंडाजी मात्र ओसरीवर कधी आला नाही. त्याच्या दहाच्या दहा बिया सगळ्यांच्या आधी उगवल्या होत्या. रोपं जोमदार व्हावीत म्हणून त्याने मडक्यांत ताजं शेण घातलं. तीन दिवसांत पानांच्या कडा करपल्या आणि पाचव्या दिवशी देठांनी माना टाकल्या. चूक काय झाली, हे त्याला लगेच उमगलं. त्याने मडक्यांवर टोपली पालथी घातली आणि विचारणाऱ्यांना सांगितलं, "झकास आहेत."

वाटेत चिमणा भेटली. "काका, तुम्ही शेण घातलंत म्हणे. मीही घालू का?"

एका शब्दाचं काम होतं. कोंडाजीने तोंड उघडलं, पण तो शब्द काही बाहेर पडला नाही. "माझी रोपं बघशीलच की," असं म्हणून तो पुढे निघून गेला.

चिमणाने शेण घातलं. तिचं बघून शेजारच्या तीन घरांनीही घातलं.

लावणीच्या दिवशी सगळं गाव वावरात जमलं. घराघरांतून हिरवी, कातरलेल्या पानांची रोपं आली. चार घरं रिकाम्या हातांनी आली. चिमणाला रडू आवरेना. "मी कोंडाजीकाकांसारखंच केलं होतं," ती म्हणाली. "मग माझीच कशी मेली?"

कोंडाजी टोपलीने झाकलेली मडकी समोर ठेवून उभा होता. आता गप्प राहणं त्याला जमेना. त्याने टोपली उचलून बाजूला ठेवली. खाली वाळलेल्या काड्या होत्या.

"माझी तुझ्याआधीच मेली होती, पोरी," तो म्हणाला. "ताज्या शेणाने. तू विचारलंस तेव्हा मला ठाऊक होतं."

मग हौसा म्हणाली, "दादा, बी मेलं त्याचा राग नाही. माझंही मेलंच. पण तुमच्या एका शब्दाने चार घरांची रोपं आज इथे उभी असती."

रोपं कमी, म्हणून बी कमी झालं. बी कमी, म्हणून पुढच्या वर्षी पीक तोकडं आलं. हौसाने साल न साल वापरून दोर वळले, तरी एक दोर कमीच पडला. नवा पूल भक्कम झाला, पण त्याला धरायला एकाच बाजूला दोर होता. ते वर्षभर कोंडाजी रोज सकाळी पुलावर जायचा आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना हात धरून पलीकडे पोचवायचा. हे काम त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

आणि पुढे दर वर्षी बी वाटायच्या आधी तो चावडीवर सगळ्यांत पहिला उभा राहायचा आणि आपली रोपं कशी मेली, ते न लाजता सांगायचा. तिसऱ्या वर्षी गावात इतकं बी झालं, की पाटील पिशवीभर बी घेऊन वैदीणबाईकडे गेले. तिथेही त्यांनी आधी गावाच्या सगळ्या चुका सांगितल्या आणि मगच पिशवी तिच्या हाती दिली.

तात्पर्य : आपली चूक जो वेळेवर सांगतो, तो दुसऱ्याचं नुकसान टाळतो; जो ती लपवतो, तो तीच चूक दुसऱ्याच्या घरी पेरतो.