आज्याच्या मनातलं मागणं

डोंगराच्या कुशीत एक इवलंसं खोपट होतं. तिथं शेवंती आणि तिचा म्हातारा आजा, अशी दोघंच राहायची. पहाटे उठून पाणी भरायचं, फुलं तोडायची, बाजारात विकायची, आल्यावर चूल पेटवायची, सगळं एकट्या शेवंतीनं. आज्याचे हात सारखे थरथरायचे, म्हणून घासही तीच भरवायची. आजा काही सांगू लागला, की ती म्हणायची, "उद्या सांग ना आजा. दमले रे मी."

एका संध्याकाळी ती अबोलीच्या ताटव्यात मटकन बसली. पाहते तर काय! कोळ्याच्या जाळ्यात एक टिचभर परी अडकलेली. केशरी झगा, चंदेरी पंख, डोळ्यांत पाणी. शेवंतीनं दुखऱ्या बोटांनी एकेक धागा अलगद सोडवला.

पंख फडफडवत परी म्हणाली, "एक इच्छा माग, चिमणे. पण स्वतःसाठी नाही. ज्याच्यासाठी मागशील, त्याचं मागणं त्याच्याच तोंडून, शेवटच्या शब्दापर्यंत ऐकून ये."

शेवंतीचा चेहरा उतरला. तिला तर नुसती विश्रांती हवी होती. तरी पाय ओढत ती घरी गेली.

"आजा, तुला काय हवंय?"

"मला विचारतेस?" आज्याचे डोळे लकाकले. मग तो बोलतच राहिला. आधी बैलांचं, मग आजीचं. शेवंतीच्या पापण्या मिटायला लागल्या, पण तिनं त्याला थांबवलं नाही.

"तुझ्या आईची वेणी मीच घालायचो," आजा म्हणाला. "आता हात ऐकत नाहीत गं. ते तेवढे स्थिर व्हावेत. तुझे केस विंचरीन, भाकऱ्या थापीन. तू जरा नीज, पोरी."

शेवंतीला हुंदका फुटला. "परीताई, हेच! आज्याला हेच दे!"

दारात केशरी उजेड झुळझुळला, चांदणचुरा उधळला आणि परी त्यातच विरून गेली. आज्याचे हात शांत झाले होते. त्यानं फणी घेतली.

"केस ओढले की आई रडायची?" शेवंतीनं पेंगत विचारलं.

"रडायची कसली? चावायची मला!"

ती खुदकन हसली. वेणी पुरी व्हायच्या आत आज्याच्या मांडीवर गाढ झोपली. सकाळी तिला जाग आली, ती गरम भाकरीच्या वासानं.