उजवीकडची जागा

एकदा एक कार्टं आपल्या गुरूचा कान तपासायला निघालं.

गुरूने शिष्याचा कान पिळायचा, ही जगाची रीत. पण हे कार्टं रीतीभातीतलं नव्हतंच. नाव हेरंब, सगळी गल्ली हेऱ्या म्हणायची. देवळाबाहेरच्या चपलांच्या जोड्या बदलून ठेवायच्या आणि समोरच्या कट्ट्यावर बसून भक्तांची धांदल बघायची, मुख्याध्यापकांच्या आवाजात वर्गाला सुट्टी द्यायची, असले याचे उद्योग. गळा मात्र देवाने सढळ हाताने दिलेला. तो गळा घेऊन तो रोज सकाळी बुवांच्या घरी गाणं शिकायला जायचा.

बुवा म्हणजे कोल्हापुरातले जुने गवई. अंगाने काटकुळे, बोलायला कमी. पण त्यांच्या कानाचा लौकिक मोठा. पलीकडच्या गल्लीत कुणाचा तंबोरा उतरला, तर बुवा इथे चहा पिता पिता तोंड वाकडं करतात, असं लोक सांगायचे.

हेऱ्याचं दुखणं हा कानच होता. बुवांच्या घरी चटईवर मुलं अर्धगोल करून बसायची, मधे बुवा. हेऱ्याची जागा ठरलेली, बुवांच्या उजव्या गुडघ्याला लागून. पहिल्या दिवशीच बुवांनी त्याला तिथं बसवलं आणि परत काही उठवलं नाही. तिथं बसलं की झालं! जरा सूर घसरला की गुडघ्यावर टपली. "खाली गेलास." जरा श्वास चुकला की टपली. "कुठं पळतोस?" तिकडे डावीकडे प्रणव बसायचा, तो खुशाल कावळ्यासारखा ओरडला तरी बुवा मान हलवून "हं, चालू द्या" म्हणायचे.

त्यात या वर्षी हेऱ्याचा आवाज फुटला. वर जायला लागला की मधेच म्हशीसारखा रेकायचा. पोरं फिदीफिदी हसायची. टपल्या दुप्पट झाल्या.

"म्हाताऱ्याचा माझ्यावर डूख आहे," हेऱ्या प्रणवला म्हणाला. "तुला सगळं माफ, आणि मला श्वास घ्यायची चोरी."

लग्नात वाजवणाऱ्या एका ऑर्केस्ट्राचा बंटीदादा त्याच्या मागे लागलाच होता. "ये आमच्याकडे. माइक आहे, टाळ्या आहेत, जेवण आहे. चुकलास तर ढोलात दडपून जातं." संध्याकाळपर्यंत त्याला हो किंवा नाही सांगायचं होतं. हेऱ्याचं हो ठरलं होतं. फक्त बुवांना तोंडावर सांगायचं बाकी होतं, आणि त्याच दिवशी बुवा म्हणाले, "हेरंब, राजारामपुरीत जायचंय. चल माझ्याबरोबर."

झालं असं होतं की तिथे पारस शेठने गाण्याच्या भारी यंत्रांचं नवं दालन उघडलं होतं. घरात बसून मैफलीत बसल्यासारखं ऐकू येतं, अशी ती यंत्रं. त्या दिवशी चार बड्या गिऱ्हाइकांना ऐकवायचा कार्यक्रम होता, आणि शेठने बुवांना आग्रहाने बोलावलं होतं. "बुवा, तुम्ही ऐका आणि दोन शब्द बोला. तुमच्या कानावर अख्ख्या शहराचा विश्वास."

वाटेत हेऱ्याने घसा खाकरला. बुवांच्या डाव्या अंगाने चालत तो म्हणाला, "बुवा, मला एक सांगायचं होतं. मी उद्यापासून..."

बुवा सरळ बघत चालत राहिले.

'बघा,' हेऱ्या मनात म्हणाला, 'मी खाली गेलो तर लगेच कळतं. मी चाललो तर ऐकायलासुद्धा येत नाही.' आणि तिथंच त्याने ठरवलं, जाता जाता या कानाची एकदा फजिती करायचीच.

शेठच्या दालनात देवघराला लाजवील अशी शिस्त. चपला बाहेर, मोबाइलचा आवाज बंद, बोलणं हळू. भिंतींना जाड कापड लावलेलं, आपलाच खोकला आपल्याला परका वाटावा असं. शेठने बुवांना खुर्चीत बसवलं आणि त्यांच्या डोक्यावर एक जाडजूड हेडफोन चढवला. पुऱ्या तळायच्या झाऱ्याएवढ्या त्याच्या दोन वाट्या.

"बुवा, हे रेकॉर्डिंग मुद्दाम दोन बाजूंना वाटून केलंय," शेठ म्हणाले. "उजव्या कानात गवई, डाव्या कानात सारंगी. दोघं तुमच्या दोन बाजूंना येऊन बसल्यासारखे वाटतील. तुम्ही निवांत ऐका, मी तोवर मंडळींना आतली यंत्रं दाखवतो."

शेठ गिऱ्हाइकांना घेऊन आत गेले. बुवांनी डोळे मिटले. खोलीत बुवा, हेऱ्या आणि समोर चकचकीत यंत्र. यंत्रावर एक बटण होतं. कुठल्या बाजूला किती आवाज जाईल, ते त्याने ठरायचं. बटण, एकांत आणि हेऱ्या! उंदराला खोबरं राखायला ठेवलं म्हणा ना.

हेऱ्याने बटण हळूच एका टोकाला फिरवलं. म्हणजे बुवांच्या डाव्या कानातली सारंगी ठार बंद. आता म्हातारा दचकणार, म्हणून तो ओठ दाबून बघत राहिला.

बुवांची मान डुलत होती. चेहऱ्यावर तेच समाधान.

'अरेच्चा,' हेऱ्याला वाटलं, 'अख्खा सारंगीवाला उठून गेला आणि यांना पत्ता नाही! आणि हे माझे सूर मोजतात!' त्याला गुदगुल्या व्हायला लागल्या. हे प्रणवला कधी सांगीन, असं झालं. मग त्याने बटण सर्रकन दुसऱ्या टोकाला नेलं. आता गवई बंद, सारंगी चालू.

बुवांनी डोळे उघडले. "वीज गेली वाटतं," ते म्हणाले.

खोलीभर दिवे लखलखत होते. आणि हेडफोनच्या डाव्या वाटीतून सारंगीची बारीक धार बाहेर हेऱ्याला ऐकू येत होती. ती वाटी बुवांच्या कानावर घट्ट बसलेली होती.

हेऱ्याच्या ओठांवर आलेलं हसू तिथंच गोठलं. त्याने बटण मधोमध आणून ठेवलं. हात यंत्रावरच राहिला. बुवांनी दिव्यांकडे बघितलं, त्याच्या हाताकडे बघितलं, आणि परत डोळे मिटले.

तेवढ्यात शेठ मंडळींना घेऊन बाहेर आले. गाणं संपलं होतं.

"काय बुवा, सारंगी कशी वाटली?"

"ती अजून भेटायचीय," बुवा म्हणाले. त्यांनी हेडफोन काढला, उलटा फिरवला आणि डावी वाटी उजव्या कानावर, उजवी डाव्या कानावर अशी चढवली. "तेच गाणं परत लावा."

शेठ गोंधळले. "बुवा, उलटा घातलात. हे बघा, इथं खूण आहे."

"असू दे."

गिऱ्हाइकांतले एक गळ्यात साखळी मिरवणारे साहेब शेजारच्याला म्हणाले, "यांना डावं-उजवं कळेना आणि हे आपल्याला यंत्र पारखून देणार!" दोघं-तिघं हसले. शेठचा चेहरा उतरला. बुवांचे कान लाल झाले, निदान हेऱ्याला तरी तसं दिसलं.

आता बघा, सगळा डाव हेऱ्याच्या हातात होता. एक वाक्य बोलायचं, बस. एवढा लौकिक जिथल्या तिथं उतरला असता, आणि सगळ्या टपल्यांची व्याजासकट फेड झाली असती. तोंड तर हेऱ्याचं कधी बंद राहतच नाही. ते उघडलंच.

"साहेब," तो त्या साखळीवाल्यांना म्हणाला, "तुमच्याकडे माठ घेताना एकाच बाजूने वाजवून घेतात का हो?"

"म्हणजे?"

"आमची आजी माठ घेताना असा वाजवते, मग फिरवून तसा वाजवते. कुंभार काही म्हणत नाही, मडकं पक्कं असलं तर. शेठ, तुमचं मडकं पक्कं आहे ना?"

शेठची कळी खुलली. "अगदी पक्कं! वाजवा बुवा, हवं तसं वाजवा!" साखळीवाले साहेबही हसले, पण ते हसू आता वेगळं होतं.

गाणं परत लागलं. या वेळी बुवांची मान डुलली नाही. ते अगदी स्तब्ध बसले, उजव्या हाताची बोटं गुडघ्यावर हलत राहिली, आणि संपता संपता त्यांनी हात जोडले. कुणाला, ते फक्त हेऱ्याला कळलं. मघाशी न भेटलेल्या त्या सारंगीवाल्याला.

मग बुवा उठून मंडळींसमोर दोन शब्द बोलले. "यंत्र उत्तम आहे. हे कुणाला झाकत नाही. सारंगीवाला गवयाच्या सावलीत बसलेला असतो, पण याने त्यालाही त्याची पुरी जागा दिलीय. एकेकाला वेगळं ऐकलं, म्हणून सांगतो."

बाहेर आल्यावर दोघं समोरच्या चहाच्या गाड्यापाशी थांबले. हेऱ्या चहाच्या पेल्यात बघत राहिला.

"बटण तूच फिरवलंस ना?" बुवांनी विचारलं.

"हो."

"वीज गेली म्हणालो, आणि वर दिवे ढणाढणा जळत होते. तेव्हाच म्हटलं, इथं वीज नाही, हेरंब आहे."

हेऱ्याला हसावं की रडावं कळेना. "बुवा, डावा कान... कधीपासून?"

"तू यायच्या आधीपासून. गालगुंड झालं, ताप डोक्यात गेला, उतरताना कान घेऊन गेला. घरातल्यांना माहीत आहे. आता तुला."

"मग प्रणवचं..."

"प्रणवला शनिवारी एकट्याला समोर बसवतो. तेव्हा काय धुतो, विचार त्याला. तो तुला सांगत नसेल."

प्रणव शनिवारी घरी जाताना पाय ओढत का जातो, ते हेऱ्याला आत्ता उमगलं. पण खरा प्रश्न वेगळाच होता. त्याने तो विचारून टाकला. "आणि मला रोज उजवीकडे का?"

बुवांनी पेला खाली ठेवला.

"हे बघ लेका. दोन कान होते तेव्हा मी सगळ्यांना सगळीकडून ऐकायचो. मग एकच राहिला. एक कान म्हणजे वर्गात एकच जागा. ती कुणाला द्यायची? जो पक्का आहे त्याला आठवड्यातून एकदा ऐकलं तरी भागतं. पण तुझा गळा पहिल्या दिवशी ऐकला आणि वाटलं, हा पुढे-मागे फुटणार. फुटताना याच्याजवळ कुणी नसलं, तर पोरं हसतील आणि हा गाणं टाकून पळेल. म्हणून म्हटलं, याला इथं बसवू. टपली बसेल, पण आपण ऐकले जातोय हे तरी याला कळेल." ते जरा थांबले. "कळलं नाही वाटतं. ती माझी चूक. टपलीबरोबर सांगायला हवं होतं."

हेऱ्याला ते गुडघ्यावरचे सगळे फटके आठवत होते. 'खाली गेलास.' 'कुठं पळतोस?' जगात कुणालाच त्याच्याबद्दल एवढं बारीक माहीत नव्हतं. घरीसुद्धा नाही. ज्या माणसाकडे एकुलता एक कान होता, त्याने तो रोज सकाळी याच्याकडे करून ठेवला होता, आणि हा त्याला डूख म्हणत होता.

खिशातला फोन थरथरला. बंटीदादा. हेऱ्याने बघितलं आणि तो गप्प करून परत खिशात ठेवला.

"चल," बुवा म्हणाले, "ऊन वाढतंय."

एकेरी रस्ता ओलांडायचा होता. हेऱ्या मुद्दाम फिरून बुवांच्या डाव्या अंगाला आला. वाहनं तिकडूनच येत होती. अर्ध्या रस्त्यात त्याला वाटलं, सांगून टाकावं. पण असलं बोलायची सवय नाही, तोंडावर बोलायचं तर जीभ टाळ्याला चिकटते. डावी बाजू सोयीची होती.

"बुवा," तो अगदी हळू म्हणाला, "मी कुठं जात नाही."

बुवा सरळ बघत चालत राहिले. पलीकडे पोचल्यावर मात्र त्यांनी मान वळवली. "काही म्हणालास?"

"नाही. रिक्षा येतेय म्हटलं."

"हं," बुवा म्हणाले, आणि त्याच्या पाठीवर एक टपली ठेवली. "बरं झालं, सांगितलंस."

तेव्हा मंडळी, कुणी तुम्हाला उठता-बसता टोकत असेल, तर त्याच्या नावाने बोटं मोडण्याआधी एकदा फिरून बघा, की त्याने आपला चांगला कान कुणाकडे करून ठेवलाय.