हायरमची लोखंडी वाट

फार वर्षांपूर्वी अमेरिकेत पूर्वेकडची माणसं बैलगाड्यांवर कापडी छपरं चढवून पश्चिमेला निघाली. जमीन फुकट मिळते म्हणे! फुकट कसली? तिथं आधीच माणसं राहत होती, त्यांना कुणी विचारलंच नाही. हे आधीच सांगून टाकतो, मागून भांडू नका.

वाटेत एक रुंद, गढूळ नदी होती. तिच्यावर हायरम टकेट नावाचा नावाडी दोर धरून तराफा ओढायचा. नियम एकच. "चालत नाही आणि खाता येत नाही, असं एक जड सामान इथंच ठेवा." कुणी ऐरण ठेवली, कुणी जातं, कुणी नांगराचा फाळ. लोक त्याला चोर म्हणायचे. पण त्याच्या झोपडीत बसायला धड ओंडका नव्हता. मग सामान जायचं कुठं? विचारायची अक्कल एकालाही नव्हती.

एका वर्षी थर्झा नावाची विधवा आली. दोन पोरं, एक गाडी आणि आईनं दिलेली लोखंडी चूल. पोरं पहिल्याच खेपेला पलीकडे गेली. ही मात्र चुलीला मिठी मारून बसली.

"बाई, चूल ठेव."

"तुझ्या बापाची आहे का?"

"माझ्या बापाला चूलच नव्हती. कच्चं खायचा. ठेव."

"मेल्या, डोंगरात बर्फ पडल्यावर माझ्या पोरांना शिजवून तू घालणार?"

भांडण दुपारपर्यंत चाललं. तेवढ्यात वरून पुराचा लोंढा आला. दोर तुटला, तराफा काडीसारखा गेला. पलीकडे पोरं "आई, आई" करतायत आणि त्यांच्या पायाखालचा काठ ढासळतोय. थर्झा पाण्यात धावली. हायरमनं तिला दंडाला धरून मागं ओढलं.

"उडी कशाला मारतेस? चाल की. वाट आहे."

दोर कधीतरी तुटणार हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून वीस वर्षांचं सगळं लोखंड, सगळे दगड त्यानं नदीतच रचले होते, या काठापासून त्या काठापर्यंत. मधोमध एकच पाऊल रिकामं होतं.

"तेवढ्यासाठीच मागत होतो," तो म्हणाला.

थर्झानं स्वतःच्या हातानं चूल उचलून त्याच्या डोक्यावर दिली. त्यानं ती मधोमध नेऊन ठेवली, आणि वाहून जाऊ नये म्हणून गळ्याइतक्या पाण्यात धरून उभा राहिला. थर्झा तिच्यावर पाय देऊन पोरांकडे पोचली. मागून काठावर खोळंबलेल्या चाळीस गाड्या गेल्या. बैलांचे खूर भिजले, गुडघे नाहीत, असं म्हणतात. शेवटची गाडी पार झाली तेव्हा चूल होती, हायरम नव्हता.

थर्झा पुढं गेलीच नाही. तिथंच राहिली, तिच्याभोवती गाव वसलं. आता तिथं पक्का पूल आहे. तरी गावात नवा राहायला येणारा एक जड वस्तू नदीत ठेवतो. टाकत नाही हं, वाकून ठेवतो. आणि म्हणतो, "हायरम, आम्ही धरलंय. तू हात सोड."

पण कितीही पूर आला तरी ती वाट तसूभर हलत नाही. म्हणजे म्हाताऱ्यानं अजून हात सोडलेला नाही, असं म्हणतात.