पट्ट्याची पाण्यात, ठिपक्यांची टोपलीत

खाडीकाठच्या एका गावात पोशा नावाचा एक भोळा कोळी होता. भोळा म्हणजे किती? सांगाल ते अगदी मन लावून करायचा, फक्त नको तिथे करायचा.

तर या पोशाचं लग्न ठरत होतं. मुलगी पलीकडच्या बंदरावरची, धर्मा तांडेलाची सगुणा. पोशाला ती इतकी आवडलेली की तिचं नाव काढलं तरी त्याच्या हातातलं जाळं सुटायचं. पण तांडेलाच्या घरची एक रीत होती. साखरपुड्याला नवऱ्यामुलाने शेवंडींची, म्हणजे त्या मोठ्या काटेरी लॉब्स्टरची, जोडी आणायची, आणि दोन्ही एकाच जातीच्या हव्यात. जोडी बेजोड निघाली की लग्न मोडलं!

पोशाने दोन शेवंडी पकडून आईपुढे ठेवल्या. आईने कपाळावर हात मारला.

"अरे माझ्या सोन्या, ही ठिपक्यांची, खडकातली. आणि ही बघ, शेपटीवर आडवे पट्टे. ही गाळातली!"

"काटे तर दोघींना आहेत."

"काटे दोघींना, मिशा दोघींना. बहिणी-बहिणीच त्या, फसवणारच! म्हणून शेजारी शेजारी ठेवून नीट बघायचं. पट्ट्याची पाण्यात, ठिपक्यांची टोपलीत. कळलं?"

"बरं आये, पुढच्या वेळी."

दुसऱ्या दिवशी दारात दोन चादरी वाळत होत्या. शेजारी शेजारी. एक ठिपक्यांची, एक पट्ट्यांची. पोशाने नीट बघितलं आणि पट्ट्यांची खाडीत सोडली.

"मेल्या, माझ्या माहेरची चादर ती!" आई किंचाळली. "जिवंत असेल तीच सोडायची!"

"बरं आये, पुढच्या वेळी."

तिसऱ्या दिवशी जनीकाकूच्या ओट्यावर दोन मांजरी बसलेल्या. एक ठिपक्यांची, एक पट्ट्यांची. शेपट्या हलत होत्या, म्हणजे जिवंत. पट्ट्यांची गेली धप्पकन पाण्यात. बिचारी कशीबशी काठाला लागली आणि थेट जनीकाकूच्या डोक्यावर चढली. काकूची बोंब अख्ख्या कोळीवाड्याने ऐकली.

"अरे देवा," आई रडकुंडीला आली, "पोहता येतं का, ते तरी आधी बघावं!"

"बरं आये, पुढच्या वेळी."

साखरपुड्याचा दिवस उजाडला आणि पोशाने कमालच केली. टोपलीत दोन शेवंडी, दोन्ही ठिपक्यांच्या. तांडेलाने हातात घेऊन उलटसुलट बघितल्या. "वा जावईबापू! शोभली जोडी!" पोशाच्या आईने पदराने डोळे पुसले.

मग ओवाळायला धक्क्यावर सगुणा आली. सोबत धाकटी बायजा. बायजाचं पातळ ठिपक्यांचं, सगुणाचं पट्ट्यांचं. दोघी शेजारी शेजारी उभ्या राहिल्या.

पोशाने नीट बघितलं.

"बहिणी-बहिणी का?"

"सख्ख्या!" तांडेल कौतुकाने म्हणाला.

"सगुणे, पोहता येतं?"

सगुणा लाजली. पण कोळ्याची लेक ती, मान वर करून म्हणाली, "ही खाडी आरपार पोहते मी!"

"मग काही काळजी नाही," पोशा म्हणाला, आणि त्याने तिला पाण्यात ढकललं.

सगुणा चार हात मारून पायरीला लागली. तोवर पोशा रिकामी टोपली बायजापुढे धरून उभा होता.

"अरे गाढवा!" तांडेल ओरडला. "नवरी होती ती तुझी! आपल्या नवरीला कुणी पाण्यात सोडतं का?"

पोशाला ते अगदी पटलं.

"बरं मामा, पुढच्या वेळी."