चौरंगाची शपथ

मुलांनो, फार दूरच्या नव्हे, अशाच एका जवळच्या जंगलात, सागाच्या बुंध्यातल्या ढोलीत एक सुतारपक्षीण एकटीच राहत असे. तिचा नवरा गेल्या थंडीत वारला होता. मागे उरला होता तो त्याने चोचीने टोचून टोचून घडवलेला शिवणीच्या लाकडाचा एक चौरंग. त्यावर ती स्वतः बसत नसे, कोणाला बसू देत नसे. रोज पुसून मात्र ठेवी. पुढे तिला झुडपाखाली सशाचे एक पोरके पिल्लू सापडले. तिने ते घरी आणले. ससा तिला मावशी म्हणू लागला आणि त्या मुक्या ढोलीत पुन्हा बोलणे-हसणे सुरू झाले.

पण हा ससा मोठा उपद्व्यापी! आज दाराची फळी कुरतडली, उद्या फडताळाचा कोपरा. सुतारपक्षिणीने सगळीकडे कडुनिंबाचा पाला चोळला, तर पठ्ठ्याने तोही चवीने चाटला. आणि एके दिवशी ती बाहेरून येते तो काय, चौरंगाचा एक पाय अर्धा कुरतडलेला! "ह्यांची एवढीच खूण राहिली होती रे माझ्याकडे," ती रडत म्हणाली. "तुला माझ्या गळ्याची शपथ आहे, पुन्हा लाकडाला दात लावशील तर!" सशाचे कान पडले. शपथ मोडली तर मावशीच्या जिवावर बेतेल, एवढे त्याला कळत होते. "नाही लावणार, मावशी," तो म्हणाला.

आणि त्याने खरेच लावले नाहीत. सुतारपक्षिणीने चौरंगाचा तो पाय भिंतीकडे फिरवून ठेवला आणि ती सशाला उंबराचा गर, केळीचे कोवळे कोंब असे मऊ मऊ भरवू लागली. शेजारणींना कौतुकाने सांगे, "काय गुणाचा झालाय बाई!" एकदा ससा हळूच म्हणाला, "मावशी, शपथ सुटली म्हण ना. जरा वेळच." ती हसली. "लबाडा! मला फसवतोस होय?" त्याने पुन्हा विचारले नाही.

काही दिवसांनी तो अर्धे अन्न टाकू लागला, मग सगळेच. भिंतीकडे तोंड करून बसे. तिला वाटले, रुसला असेल. "अन्नावर रुसू नये रे," असे म्हणून ती गर आणखी मऊ कुस्करून देई. त्याच्या पाठीची हाडे दिसू लागली तेव्हा कुठे तिने शेजारच्या म्हाताऱ्या साळिंदराला बोलावले. साळिंदराने सशाचे तोंड उघडून पाहिले. पुढचे दात वाढून वाढून आत वळले होते. घास जायला वाटच उरली नव्हती.

"अगं, आम्हा कुरतडणाऱ्यांचे दात मरेपर्यंत वाढतात," साळिंदर म्हणाले. "लाकडावर घासले तरच झिजतात. तू दिवसभर झाडं टोचतेस ते तुझं काम, आणि ह्याने दात लावला की खोडी? जांभळीची एक फांदी ह्याच्यापुढे टाकली असतीस, तर ह्याने चौरंगाकडे ढुंकूनही पाहिलं नसतं."

"मग तू बोलला का नाहीस रे?" तिने सशाला विचारले.

"मला वाटलं, चौरंग खाल्ला म्हणूनच दात असे झाले," ससा पुटपुटला. "लाज वाटली गं."

सुतारपक्षिणीने धावत जाऊन चौरंग ओढत आणला. "सुटली रे बाळा, शपथ सुटली! खा, सगळा खा!" ससा सरपटत पुढे आला. त्याने त्या कुरतडलेल्या पायाला दात लावले, पण जबड्यात जोरच राहिला नव्हता. "नक्की सुटली ना, मावशी? तुला काही होणार नाही ना?" त्याने विचारले. ती हो म्हणेपर्यंत त्याचे डोळे मिटले होते.

चौरंग अजून त्या ढोलीत आहे. सुतारपक्षीण तो आता पुसत नाही. कुरतडलेला पाय मात्र तिने दाराकडे फिरवून ठेवला आहे, येताजाता दिसावा म्हणून.

तात्पर्य : एखाद्याची खोड मोडण्याआधी ती त्याची गरज तर नाही ना, हे पाहावे, आणि मायेने घातलेली शपथ वेळेवर सोडावी.